बाविसाव्या मजल्यावरचे काका

— नाही, दार लोटू नकोस, उघडंच राहू दे, ऐकू दे सगळ्या मजल्याला! तू बस तिथे, स्टुलावर. काय रे देवेश, बिल्डरचं काम घेतलंयस ना? — कुणी सांगितलं म्हणजे? या बिल्डिंगीतलं मला काय माहीत नसतं? आपली बिल्डिंग पाडून टॉवर होणार, त्याची वेबसाइट तू करतोयस. कर ना! पण त्या टॉवरच्या चित्रात, बाविसाव्या मजल्यावर, बाल्कनीत, आमच्या ह्यांना उभं करायला कुणी सांगितलं तुला? — छान दिसतात? दिसतातच छान, ते तू मला शिकवू नकोस. सोसायटीच्या पूजेतला फोटो तो, तूच काढलास. मागे मांडव होता, केळीचे खांब होते — सगळं कापलंस. बरं, कापलंस. आणि मी कुठेय? शेजारी होते ना, ह्यांचं कोपर धरून? हे बघ, मोठं करून बघ — माझी दोन बोटं राहिलीयत कोपरावर. कापायचं तर नीट तरी कापायचंस! — बॅकग्राउंड काढलं म्हणे. मी बॅकग्राउंड? अरे, लकवा मारलेला माणूस कुणाच्या हातावाचून उभा राहत नाही. मी सोडलं तर पडतील ते — आणि तू एकट्याला बाविसाव्या मजल्यावर नेऊन सोडलंस!

आता लोक काय बोलतात? काशीरामकाका बाल्कनीत जाऊन उभे पण राहिले, सुलूकाकूच संमतीची सही अडवून बसलीय. बसलेय! चारकोप सोडून दहिसरला भाड्याने राहायचं, टॉवर व्हायला चार वर्षं — आणि डॉक्टर म्हणाले... जाऊ दे. नाही, काही नाही. — बरं, ते दार लोट आता, आणि हळू, आत ह्यांना ऐकू जायला नको. ऐक. म्हणाले, चार वर्षांचं कशाला काढता, ताई, दिवाळीपर्यंतचं बघा. कळलं? बोलले नव्हते कुणाकडे, ह्यांच्याकडे पण नाही. जायचंच असेल तर आतल्या त्याच खोलीतून, त्याच पलंगावरून जाऊ देत रे. — चहा घे. रागावलेय म्हणून काय चहा पण देणार नाही? घे मुकाट्याने!

आणि आमचा भाचा, प्रितम — अतिशहाणा — त्याने फोनवर दाखवलं ह्यांना. तेव्हापासून रोज आंघोळ घातली की तोच निळा शर्ट मागतात. म्हणतात, सुलू, आपण तिथे कधी जायचं? तिथे मी माझा माझा उभा राहतो बघ. माझा माझा, म्हणतात! काय सांगू मी? आजच्या आज काढ ते चित्र, नाहीतर तुझ्या आईसमोर — थांब.

काय हो? ... देवेश आलाय. हो, तोच. हो हो, विचारते. — तिथली किल्ली आणलीस का, विचारतायत. माझं तोंड काय बघतोस? सांग त्यांना, रंग ओला आहे अजून. मोठ्याने सांग! ... हं. हसले. — ते चित्र असू दे. ऊठ आता, निघ.