पवनचक्क्यांच्या चित्रातील उंचीबाबत

साहेबांसमोर लेखणी उचलण्याचे धाडस करीत आहे, याबद्दल प्रथम क्षमा मागते. तोंडी सांगताना माझा आवाज फुटत नाही. म्हणून परवानगीने हा जबाब स्वहस्ते लिहिला आहे.

मी, वय २२ वर्षे, धंदा फोटो स्टुडिओत फोटो दुरुस्त करणे, राहणार स्टुडिओच्या माडीवर, समक्ष हजर राहून लिहून देते की, सदर स्टुडिओ माझ्या काकांचा आहे. आईवडिलांच्या पश्चात त्यांनीच मला वाढवले व हे काम शिकवले.

समुद्रात उभारायच्या पवनचक्क्या किनाऱ्यावरून कशा दिसतील, याचे चित्र कंपनीने काकांकडून मागवले. बंदराच्या कठड्यावरून फोटो मी काढला व त्यात पवनचक्क्या मीच मापाने बसवल्या. कंपनीच्या पत्रकानुसार त्या १८० मीटर उंच व बारा किलोमीटर दूर आहेत. फोटोतील दीपगृह तीस मीटर उंच व चार किलोमीटर दूर आहे. म्हणजे पवनचक्की दीपगृहाच्या दुप्पट दिसली पाहिजे. मी तशीच दाखवली होती.

गुरुवारी दुपारी तीन वाजता कंपनीचे अधिकारी आले. काका म्हणाले, "जा, वाचनालयात जाऊन ये." एरवी ते मला पुस्तकातला किडा म्हणून चिडवतात. मी परतले तेव्हा शटर अर्धे खाली होते. संगणकासमोरच्या माझ्या खुर्चीची उंची कोणीतरी कमी केलेली होती.

शनिवारी गावच्या सभागृहात चित्र लागले. मी पट्टीने मोजले: दीपगृह नऊ मिलिमीटर, पवनचक्की सहा. शेजारच्या बाई म्हणाल्या, "एवढ्याशा काड्या होय! मग कशाला अडवायचं?" सोमवारी याच चित्रावरून गावाची संमती घेतली जाणार आहे.

मी काकांना विचारले. ते म्हणाले, "नवरीच्या गालावरचा मुरूम तूच पुसतेस ना? मग? उगाच राईचा पर्वत करू नकोस."

मुरूम पुसावा, तीळ ठेवावा. जे आठवड्यात जाणार तेवढेच पुसावे, हा नियम मला काकांनीच शिकवला आहे. पवनचक्क्या पंचवीस वर्षे राहणार आहेत. हे मी त्यांना म्हणू शकले नाही.

बदल कोणाच्या हातून झाला, हे मी पाहिलेले नाही. मूळ चित्र पेनड्राइव्हमध्ये सोबत दिले आहे.

हवालदारांनी हा जबाब मला वाचून दाखवला. तो अक्षरशः बरोबर आहे. हळू वाचण्याची विनंती मी केली होती, कारण दार उघडे होते व काका बाहेर बाकावर बसले होते. पोरीने ठाण्यात एकटीने जाऊ नये, म्हणून ते सोबत आले. काम काय, हे त्यांनी विचारले नव्हते.

सादर: रविवार, दिनांक ९ मार्च २०२५, सकाळी ११ वाजून २० मिनिटे.