मास्तरांची सही

वाळपईहून डिचोलीला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारी येऊन बसली. तिच्या शेजारच्या गृहस्थांनी लगेच तोंड खिडकीकडे वळवलं.

“मास्तर, मी सत्यवती. तोंड कित्याक लपवतात?”

“काकी, पतसंस्था बुडाली, तुमची ठेव गेली. मी संचालक होतो.”

“म्हणून चवथीक दाराक कुलूप? आम्ही गणपतीची आरती म्हणूक आलो आणि परत गेलो.”

“कुठल्या तोंडाने दार उघडणार?”

“फसवलं चेअरमनान. तुम्ही न वाचता सह्या केल्यात, इतकंच. मी भांडून सांगतंय सगळ्यांक.”

“तसं सांगू नका.”

“कित्याक?”

“सगळं वाचलं होतं मी. तुमच्या ठेवींतून चेअरमनच्या भावाला कर्ज चाललं होतं. तो फेडणार नाही, हेही ठाऊक होतं.”

“आणि तरी सही केलात?”

“माझ्या मुलाला त्या भावाच्या खाणीवर नोकरी मिळणार होती.”

“पोलिसांक हे सांगितलात?”

“नाही. वाचलं नव्हतं, असंच लिहून दिलंय.”

“दात काढूक दाक्तराकडे चाललेलंय, ता आता उद्या. डिचोली आली, उठा मास्तर. ठाण्यात मी येतंय तुमच्यावांगडा.”