तांदळावर लिहिलेलं नाव

नाही गं, रडतेय कसली — ऊन आलं डोळ्यावर. दिल्लीचं जानेवारीतलं ऊन म्हणजे जावईबापू, उशिरा येणार आणि आले की सगळ्यांनी कामं टाकून पुढ्यात बसायचं. बस ना तू पण. फायली कुठे पळतायत? इतकी वर्षं थांबल्यात, अजून थोडं थांबतील. हा घे, डिंकाचा लाडू. आत अभिलेखागाराच्या वाचनकक्षात खायला बंदी, पण इथे हिरवळीवर कोण बघतंय? बाळंतिणीचे आहेत खरे — माझ्या सुनेचे, रुचिराचे — पण ती कॅलरीज मोजते, म्हणून मी रोज दोन पर्समध्ये टाकून आणते आणि — घे गं, लाजतेस काय. पूर्वी ना नाव तुझं? सकाळी फोनवर आईला ‘ठेवते गं’ म्हणालीस, तेव्हाच मी ठरवलं, त्या जाडजूड राजपत्रातलं बारीक इंग्रजी वाचून घ्यायचं तर हिच्याकडूनच. बिल्कुल देवासारखी भेटलीस.

काय शोधत होते? अगं, माझ्या नावाच्या बायका. इंदुमती. हस, हस, घरीही सगळे हसतात. शार्दूल, म्हणजे माझा मुलगा, म्हणतो, आईची गँग. पण एकेक नग सापडलेत बरं का. एक इंदुमती आहे ग्वाल्हेरची — शेजाऱ्याचा मोर पहाटे ओरडतो म्हणून बाईंनी थेट गोऱ्या साहेबाला अर्ज केलाय, मोराला समज द्या! एक आहे नागपूरची नर्स, लढाईच्या काळातली, तिने बदली नाकारली — कारण काय, तर तिकडे ज्वारी मिळत नाही. मला तर ह्या बायकांचा लळाच लागलाय. संध्याकाळी गुरुग्रामच्या मेट्रोत बसते ना, तेव्हा वाटतं, चलो, आज आणखी एक भेटली.

पण आज सकाळी तू जी वाचून दाखवलीस ना — ती ह्यांतली नव्हे. ह्या सगळ्या वाटेत भेटल्या. मला पाहिजे होती ती तीच. कोण म्हणजे? — जाऊ दे, तुला कशाला उगीच. — बरं, सांगते, तू काही आमच्या सोसायटीतली नाहीस. तू वाचलंस ना, इंदुमती अविनाश खांबेटे? ते अविनाश खांबेटे म्हणजे माझेच मिस्टर. अशी बघू नकोस, लाडू सांडतोय. मी दुसरेपणावर दिलेली. पहिली काविळीने गेली, लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत तोवर. इथेच दिल्लीत सरकारी कचेरीत होती. मूलबाळ नाही. फोटो कुठे गेले कोणाला ठाऊक, घरात तिचा शब्द नाही. शार्दूलला तर अजून माहीत नाही. आणि मी हे तुला का सांगतेय? — सांगतेय खरी.

माझं लग्न झालं ते सांगलीला. मी देवयानी. अठ्ठेचाळीस किलो वजन आणि एवढं मोठं नाव, वडिलांनी हौसेने ठेवलेलं. लक्ष्मीपूजनाला ताम्हनात तांदूळ पसरले, ह्यांच्या हातात सोन्याची अंगठी दिली — आपल्यात सुनेचं नवं नाव लिहितात ना तसं — आणि ह्यांचा हात थांबला. मी मान खाली घालून बघतेय, हात हलतच नाही. मागून सासूबाई म्हणाल्या, ‘लिही’. ह्यांनी लिहिलं, इंदुमती. मला काय कल्पना! मला वाटलं, छान आहे, चंद्राचं नाव. दिल्लीला आल्यावर शेजारच्या सरकारी क्वार्टरातली एक बाई चहाला आली आणि बोलून गेली — अच्छा, हिचंही इंदुमतीच ठेवलंत होय? — तेव्हा कळलं. मेलेल्या सवतीचं नाव! मी रात्रभर उशी ओली केली, आणि सकाळी धीर करून सासूबाईंना विचारलं, असं का हो केलंत? तर पोळी लाटता लाटता म्हणाल्या, ‘जिभेला वळण पडलंय.’ झालं. एवढंच. जिभेला वळण पडलंय! म्हणजे सून बदलली तरी चालेल, हाक बदलायचे कष्ट नकोत.

वाईट नव्हत्या हं. उलट लेकीसारखं केलं माझं, शार्दूलच्या वेळी हे असेच लाडू वळले त्यांनी. पण कोणी इंदुमती म्हटलं की आजही मी पाव क्षण मागे बघते, ती येतेय का म्हणून. कोणाचं तरी जुनं स्वेटर घालून फिरावं आणि कोणी ‘छान दिसतं’ म्हणावं, तसं.

आता झालंय काय, रविवारी आहे बारसं. रुचिराने पंधरा दिवसांपूर्वी मोठ्या प्रेमाने गळ्यात पडून सांगितलं — आई, आमचं ठरलं, मुलीचं नाव इंदुमती ठेवायचं, तुमच्यावरून, विंटेज नावांची फॅशन आहे. आणि मी हसले. काय करणार, आनंदाने रडत होती ती पोर. पण खरं सांगू? माझंच नाही ते नाव, तर मी नातीला काय देणार? तिसऱ्या पोरीला तेच स्वेटर? म्हणून म्हटलं, आधी तिचा पत्ता काढू. तिच्या माहेरचं कोणी असेल तर विचारू, की बाबांनो, तुमच्या मुलीचं नाव आमच्या नातीला दिलं तर चालेल का? माहेरचं आडनाव माहीत नाही, सांगायला आता हेही राहिले नाहीत, पण सरकारी नोकरी होती, म्हणजे नावबदल राजपत्रात छापलेला असणार. मग काय, मोर आणि ज्वारी पार करत करत आज पोचले.

आणि तू काय वाचलंस? मी, आजवर साधना केतकर या नावाने ओळखली जाणारी, यापुढे इंदुमती अविनाश खांबेटे — साधना! तेव्हा मी फिस्सकन हसले ना, ते म्हणूनच. वाचनकक्षातले सगळे वळून बघत होते. अगं, इतकी वर्षं जिला मालकीण समजून मी तिच्या नावाला जपून हात लावत होते, तिलाही ते तसंच मिळालेलं! तिच्यापुढेही ताम्हन, तिलाही तांदूळ. बिचारी. मला एकदम तिचा हात धरावासा वाटला. म्हटलं, साधना, ये, तू पण ये गँगमध्ये.

पण मग एक गोष्ट जुळत नाही हं. तांब्या. सांगितलं नाही का तुला? घरात एक पितळी तांब्या आहे. सासूबाई त्यातूनच पाणी प्यायच्या, दुसऱ्या कशातून घोटभर नाही. त्यावर नाव घातलेलं, ‘चि. इंदुमती हिस वडिलांकडून’. मी रोज चिंचेने घासायची, नाव पाठ आहे मला. वाटायचं, पहिलीच्या माहेरची वस्तू, आणि ह्या मुद्दाम मला डिवचायला वापरतात. जायच्या आधी त्यांनी तो माझ्या हातात दिला, म्हणाल्या, हा तुझा. मी मनात म्हटलं, माझा कशाला, तिचा. जुन्या साडीत गुंडाळला आणि टाकला माळ्यावर. आता सांग, साधनाचे वडील तांब्यावर इंदुमती कशाला घालतील? वडील मुलीचं सासरचं नाव घालतात का कधी? ते घालणार साधना. वडिलांनी दिलेला तांब्या, म्हणजे नाव माहेरचं. म्हणजे जन्मापासून इंदुमती असलेली कोणीतरी त्या घरात —

अगं बाई.

त्यांचाच तो. सासूबाईंचा. घरात लीलाबाई, रेशनकार्डावर लीलाबाई — सासूचं माहेरचं नाव विचारतं का कोणी? मी नाही विचारलं. लीलाबाई हेही कोणीतरी तांदळावरच लिहिलं असणार ना त्यांच्या वेळी. आणि मग घरात सून आली, तिला त्यांनी स्वतःचं नाव दिलं. ती गेली, तर मला दिलं. घरात कोणी तरी ते नाव मोठ्याने हाकारावं म्हणून. जिभेला वळण — सासरी यायच्या आधीपासूनचं वळण ते! आणि मी मेली समजत होते की — थांब, फोन लावू दे. थांब तू.

हॅलो, रुचिरा? — हो, लाडू खाल्ला. — ऐक, पाळण्यात बाळाआधी ठेवायला वरवंटा शोधत होतीस ना, मिळाला का? नाही ना, यार, गुरुग्रामात मिक्सरशिवाय काय मिळणार! ती ऑर्डर कॅन्सल कर. माळ्यावर जुन्या साडीत एक तांब्या आहे, शार्दूलला आत्ता काढायला सांग, मी धरते फोन. — काढला? वाच त्यावर काय आहे. — मोठ्याने वाच गं. — हं. — नाही, माझा नाही. तुझ्या आजेसासूचा. ह्या वेळी पाळण्यात आधी तोच ठेवायचा, कुंची घालून. — हो, नाव तेच. बिल्कुल तेच. कधीच बदलायचं नाही, तिचं लग्न झालं तरी, मी लिहून घेणार आहे नातजावयाकडून. — साधना कोण ते रविवारी सांगते, सगळ्यांसमोर. ठेवते गं.

हां, आता मात्र रडतेय, कबूल. पण हे चांगलं रडणं आहे, तू काळजी करू नकोस. ऊठ तू, जा आत, तुझं काम राहिलं माझ्यापायी. हा दुसरा लाडू पण ने. रविवारी बारशाला यायचं हं, पत्ता मेसेज करते. आणि हे बघ, सकाळपासून इंदुमतीकाकू, इंदुमतीकाकू करतेस ना — ते नाव मी आता नातीला दिलं. मला देवयानीकाकू म्हण. — अडखळलीस? पडेल हळूहळू जिभेला वळण. जा.