चारनंतरचा हो

मुलगी : पण तू हो म्हणालीस कशाला, आई?

आई : चार वाजले होते ना.

मुलगी : म्हणजे?

आई : चार वाजता मी कशालाही हो म्हणते. सकाळपासून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहायचं. निम्मं कानातल्या मशीनमधून, निम्मं अंदाजानं जुळवायचं. चारपर्यंत डोक्याचा भुगा होतो. परवा मालक समोर आले, काहीतरी बोलले, हसले. पुन्हा विचारायचं त्राण नव्हतं. म्हटलं, हो हो.

मुलगी : आणि त्या हो-हो मध्ये तुझं कटिंगचं टेबल गेलं.

आई : गेलं नाही अजून. नवी कापणारी दहाला येणार आहे. आत्ता साडेआठ होतायत.

मुलगी : तुला कळलं कधी?

आई : काल. काज करणारीनं कागदावर लिहून दाखवलं, ‘उद्यापासून तुम्ही बटणं लावायला का?’ सव्वीस वर्षं युनिफॉर्म कापले, आता बटणं!

मुलगी : खरं सांगू? सोडून दे. घरी आलीस की दिवासुद्धा लावत नाहीस. बाबा गेल्यापासून रोज तशीच पडून असतेस.

आई : त्यांचं दुःख आहेच. पण पडते ती दमते म्हणून.

मुलगी : दिवसभर उभं राहून कापायचं, दमणारच.

आई : कापून नाही गं. ऐकून दमते.

मुलगी : ऐकून? मग मी रोज सहाला येऊन दोन तास बोलत बसते, आत्याला पाठवते, शेजारच्या वहिनींना सांगते जरा आईजवळ बसत जा...

आई : तुझी आत्या तर श्वासही घेत नाही.

मुलगी : आठ महिने! एकदा सांगायचंस तरी.

आई : तू ऑफिसातून तशीच यायचीस. तोंड बघितलं तुझं की सांगवायचं नाही.

मुलगी : मला वाटायचं, घर शांत राहायला नको.

आई : माहितीये. येत जा. येताना पुस्तक आण. तू वाच, मी पडते. बरं, ते बघ आले.

(मालक किल्ल्या वाजवत कारखान्याच्या पायऱ्या चढतो.)

मालक : काकू! इतक्या लवकर? आणि आज लेकीला घेऊन?

आई : मशिनी सुरू व्हायच्या आत बोलायचंय. जरा इकडे उजेडात या, तोंड दिसू दे तुमचं. परवा मी जो हो म्हणाले ना, तो मागे घेते. तुम्ही काय विचारलंत तेच मला कळलं नव्हतं.

मालक : अहो, मी दोनदा विचारलं. दोनदा मान हलवलीत तुम्ही!

आई : हलवली असेल. तिसऱ्यांदा विचारलं असतंत तर तिसऱ्यांदा हलवली असती.

मालक : मी तिला शब्द देऊन बसलोय, काकू. आणि राग मानू नका, चारनंतर तुम्ही ताग्यावर डोकं टेकून बसलेल्या दिसता. मला वाटलं, वय झालं. काका होते तेव्हा असं नव्हतं.

आई : तेव्हा निम्मं ते ऐकायचे. समोर इस्त्री करता करता. कुणी काही बोललं की मान वर करून मला सावकाश सांगायचे. केवढं ऐकत होते, ते मला आत्ता कळतंय.

मुलगी : आई...

आई : थांब, माझं होऊ दे. माप बदललं तर लिहून माझ्यासमोरच्या खिळ्याला अडकवायचं. महत्त्वाचं बोलणं सकाळी. जेवण झालं की वीस मिनिटं मी कानातली मशीन काढून मागच्या खोलीत बसणार. तेव्हा आग लागली तरच हलवा. आणि चारनंतरचा माझा हो धरायचा नाही.

मालक : आणि नाही म्हणालात तर?

आई : तो धरा.

मालक : हसवू नका हो. दुपारचे फोन कोण घेणार? शाळावाले आयत्या वेळी मापं बदलतात.

आई : ती नवीन घेईल. तिला परत पाठवू नका. ती ऐकेल, लिहील, साधं साधं कापेल. मोठं कटिंग माझं.

मालक : टेबल कुठंय दोघींना?

आई : यांचं आहे की.

मुलगी : बाबांचं? त्याच्यावरची चादरसुद्धा कुणाला काढू दिली नाहीस तू.

आई : नाही दिली.

मुलगी : मग आता?

आई : लांबीला फळी जोडली की पुरेल.

मालक : महिनाभर बघू, काकू. पण कापड वाया गेलं तर मात्र...

आई : सव्वीस वर्षांत किती गेलं?

मालक : ...चला, आत चला.

मुलगी : मी थांबते. ती आली की तुझ्या वतीनं समजावून सांगते तिला.

आई : नको. दहाला मी ताजी असते, माझं मी सांगेन. तू टेबलाला त्या बाजूनं हात लाव.

मुलगी : उचलू?

आई : सावकाश. तिकडचा पाय डुगडुगतो. यांनी खाली पुठ्ठ्याची घडी घातलीय, ती तेवढी हरवू नकोस.