आज तेल नको

— नाही हो ताई, वास माझ्याच डोक्याचा येतोय, बसा तुम्ही. टकलावर एवढं तेल कशाला, असंच मनात आलं ना? सांगतो. आज पहिलीच वेळ दिसतेय तुमची. मुलाला सांगा, टोचत-बिचत काही नाही. डोक्याला लेप लावून वायरीच्या टिकल्या चिकटवतात, आणि समोर पडद्यावर विमान. पोराचं चित्त जागेवर असलं की विमान वर, भरकटलं की खाली — बटण नाही, काही नाही. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण एवढं कळलं. फक्त केस कोरडे लागतात, तेलावर टिकल्या धरत नाहीत. मला कुठं ठाऊक? पहिल्या दिवशी नातीला चोपून तेल लावून आणलं, चांगली दिसावी म्हणून. मशीनवाल्या बाई म्हणाल्या, आजोबा, डोकं तपासायचंय, तळायचं नाहीये. पाठवलं परत.

मुलीची मुलगी ही. मुलगी वारली तेव्हा एवढीशी होती. आधीच अबोल, त्यात कुणाच्या डोळ्यांत बघायची नाही, हात लावला की अंग चोरायची, वर्गात बाकाखाली जाऊन बसायची. माझ्याकडे मात्र डोकं द्यायची — इथं यायचं नसेल त्या दिवशी सकाळी तेलाला, पाठमोरी, मुकाट्यानं. तेवढंच आमचं बोलणं.

जावई वाईट नाहीत हां. दुसरं लग्न केलं, करावंच, वय काय त्यांचं. लांब असतात. म्हणाले, बाबा, चारचौघांत बसायला लागली की नेतो तिला, तिकडच्या शाळेत घालतो. आता बघा — मीच तिला इथं आणायचं, मीच मागे बसून विमान वर गेलं की शाबास म्हणायचं, आणि ते पडावं असं मनातल्या मनातही मीच म्हणायचं. हल्ली तर पडतच नाही ते.

आज शेवटची चाचणी, म्हणून मला बाहेर बसवलंय. नीट झाली की ती इथूनच जायची बापाबरोबर. आणि सकाळी मी तेलाची वाटी घेऊन बसलो. विसरलो हो, म्हाताऱ्या हाताची सवय… नाही. विसरलो नव्हतो. केस तेलकट झाले की चाचणी पुढं जाईल, जावयांची रजा संपेल, ते एकटेच परत जातील — एवढंच डोक्यात. ओंजळीत तेल घेतलं. ती आली. पाठ करून बसेल म्हटलं, तर माझ्याकडे तोंड करून बसली. सरळ डोळ्यांत बघितलं माझ्या — ताई, पहिल्यांदा — आणि म्हणाली, "आजोबा, आज तेल नको. विमान पडेल."

मग ओंजळीतल्या तेलाचं काय करणार? थापलं आपल्याच टकलावर. खुदकन हसली. मग हात लावून बघितला तिनं, आपण होऊन. इथं, बघा, इथं.

दार उघडलं. बाई हसतायत, म्हणजे झालं नीट. ते जिन्यापाशी बॅग घेऊन उभे आहेत ना, तेच जावई. — ये गं. झालं ना? जा, बाबांचा हात धर. जा, माझ्याकडे नको, समोर बघून चाल…

धरला. बघितलंत? धरला हात.

नाही, मी बसतो जरा. तुम्हालाच बोलावतायत, ताई. पोराचे केस कोरडे आहेत ना? मग जा. जा तुम्ही.