समुद्रातलं तेल आणि आमचा खांब

...आणि वर मलाच म्हणतात, कॉलेज अर्ध्यात सोडलेल्यानं म्हाताऱ्यांना अक्कल शिकवू नये. बरं, नाही शिकवत. पण तुम्हाला सांगतो, अक्कल होती कुणाला? दोन हजार साल उजाडलं होतं आणि आमच्या डोंगरात विजेची तार नव्हती. तालुक्याचे साहेब कळवणहून जीपमधून आले, शाळेच्या ओट्यावर उभे राहिले नि सांगू लागले, "समुद्रात तेलाच्या विहिरी खणायला आपल्या पक्षाचा कडाडून विरोध होता. मग दिल्लीत बसून तोडगा काढला. सरकारनं तेल काढायचं, आपण गप्प बसायचं, आणि बदल्यात डोंगरातल्या पाड्यांना सोलरचे दिवे. दोन्ही बाजूंचं मन राहिलं पाहिजे." आमच्यातल्या कुणी समुद्र पाहिलाय? नाशकात इंदिरानगरला बिगारीवर गेलो, तोच आमचा परदेश. तरी टाळ्या वाजल्या. मी विचारलं, मग विरोध कशाला केला होता? साहेब हसले, "विरोध तत्त्वाचा होता रे."

तर आमच्या वाट्याला आला सोलरच्या दिव्याचा खांब. एकच. आणि पाडे दोन, वरचा आणि खालचा. माझी आई, गोजराबाई, सभेत कधी तोंड न उघडणारी बाई, पदर ओढून उभी राहिली. म्हणाली, "झिऱ्याच्या उतारावर लावा. बाया अंधारात पाण्याला उतरत्यात, दगड लय निसरडे हायेत." साधी गोष्ट, नाही का? पण झिरा खालच्या पाड्याच्या हद्दीत. वरच्या पाड्याचा गोटीराम नाना खाकरला, "म्हंजी उजेड त्यांनाच का?" खालचा केरूबाबा म्हणाला, "मग काय तुझ्या दारात लावू?" दोघं चुलतभाऊ, एकाच डबीतली तंबाखू मळणारे, पण खांब म्हटल्यावर... ऊन डोक्यावर आलं तरी चालूच. शेवटी तोडगा निघाला. भावाभावांत शेत वाटताना करतात तसं कासऱ्याला कासरा जोडला, या पाड्याच्या शेवटच्या घरापासून त्या पाड्याच्या पहिल्या घरापर्यंत ताणला, दुमडला, मध्य काढला. मध्य कुठे आला? मसणवट्यात. मला वाटलं, आता तरी हसतील. कुठलं हसतात? नाना म्हणाला, "बरोबर हाय. तिथं तर दोघांनाबी जायचंय." दोन्ही बाजूंचं मन राहिलं पाहिजे ना...

लागला खांब. दिवस मावळला की दिवा पेटायचा आणि त्याच्याखाली कोण? फार तर एखादं कुत्रं. मी म्हटलं, उपटून झिऱ्यावर नेतो. नाना म्हणाला, "पंचांचा शब्द हाय. हात लावलास तर पाडा सोडावा लागंल." आणि पुढचं ऐका, रेशनवाला काय म्हणतो? "तुमच्या गावाला सोलर आलं, आता रॉकेल निम्मं." म्हणजे तेल तिकडं समुद्रात, दिवा मसणात, आणि आमच्या घरात काय? आई रॉकेल पुरावं म्हणून चिमणी विझवून ठेवायची आणि पहाटे हंडा घेऊन चाचपडत उतरायची. मी म्हणायचो, उजाडल्यावर जा गं. म्हणायची, "उजाडल्यावर मुकादमाची गाडी थांबती का रे?" द्राक्षाच्या बागेत रोजंदारीला जायची ना ती.

त्या थंडीत घसरली. हंड्याचा आवाज आला, दगडावरून दगडावर वाजत तळापर्यंत गेला. तिचा आवाज आलाच नाही.

दवाखान्यातून परत आणेपर्यंत दिवस मावळला. आणि तुम्हाला सांगतो, कुणाला बत्ती शोधावी लागली नाही, टेंभा करावा लागला नाही. लाकडं रचत होतो आणि खांबाचा दिवा आपोआप लागला. तिचा चेहरा स्पष्ट दिसला, कपाळावरची खोक दिसली, पायाच्या भेगासुद्धा दिसल्या. एवढ्या उजेडात मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. केरूबाबानं खांद्यावर हात ठेवला. नाना डोळे पुसत म्हणाला, "बघ बारकू, शेवटी कामाला आला का नाय खांब?"

मी पुढचं लाकूड रचलं... कॉलेज सोडलेल्यानं म्हाताऱ्यांना अक्कल शिकवू नये. उजेड चांगलाच होता हो. वरच्या पाड्याच्या माणसांवर, खालच्या पाड्याच्या माणसांवर, अगदी सारखा पडला होता.