बाटलीतलं पाणी

सन्माननीय अध्यक्ष, जिल्ह्याचे उपप्रमुख तान साहेब, आजचे सत्कारमूर्ती आणि आमचे संचालक कुआंग साहेब, मंचावरचे पाहुणे, सरकारी पाहुणचार कार्यालयातले माझे सगळे सहकारी, आणि अगदी शेवटच्या टेबलावर बसलेल्या श्योउचन वहिनी, सर्वांना माझा नमस्कार.

साहेब आज निवृत्त होतायत, त्यांच्याबद्दल बोलायला मला पाच मिनिटं दिली आहेत. तीन वर्षांपूर्वी मी जॉइन झालो तेव्हा साहेब म्हणाले होते, "श्याओ नी, काम सोपं आहे. वरून मोठी माणसं येतात. जाताना त्यांनी आपल्याला विसरता कामा नये."

मग मेजवान्यांवर बंदी आली. रजिस्टरात चार भाज्या आणि एक सूप. टेबलावर काय असायचं, ते आपल्या आचाऱ्यांना विचारा! दारू पाण्याच्या बाटल्यांत भरायची. ते काम माझं. खरं सांगतो, मला तेव्हा फार भारी वाटायचं. झाकण असं बसवायचो की बाटली नवीकोरी वाटायची.

साहेबांना डायबेटिस. पण पाहुण्याने पेला उचलला की नाही कसं म्हणणार? म्हणून साहेबांच्या वाटचं शिनदादा प्यायचे. तेच आपले शिनदादा, वहिनींचे मिस्टर. मार्चमध्ये प्रांताहून रस्त्याची तपासणी करायला लोक आले होते. दुपारचं जेवण. नवव्या पेल्याला मी कानात म्हणालो, "दादा, बस करा आता."

ते हसले. "अरे, पाणीच तर आहे! तूच भरलंस ना?"

चौदाव्या पेल्यानंतर ते खाली बसले, ते उठलेच नाहीत. आपण आधी पाहुण्यांना गाडीत बसवलं. ॲम्ब्युलन्स नंतर बोलावली.

रिपोर्टात काय लिहिलं? ड्यूटी संपवून घरी गेले, घरी हार्ट अटॅक आला. मेजवानी झालीच नाही, तर मेजवानीत माणूस मरेल कसा? खाली साक्षीदारांच्या दोन सह्या. एक साहेबांची, एक माझी. ड्यूटीवर गेलेल्याच्या घरच्यांना मदत मिळते, घरी गेलेल्याच्या नाही. वहिनी मला एवढंच म्हणाल्या, "ते घरी आले असते, तर मला कळलं नसतं का रे?"

परवा वहिनींच्या अपिलाची सुनावणी आहे. जे झालं ते मी लिहून काढलंय आणि सही केली आहे. साहेब, दुसऱ्या सहीची जागा रिकामी आहे. कागद तुमच्या पुष्पगुच्छाखाली आहे, पेनसकट. माझी नोकरी जाईल, तुमचं पेन्शन अडकेल, माहीत आहे मला. पण अकरा वर्षं तुमच्या वाटचं ते प्यायले. एक सही त्यांच्या वाटची तुम्ही करा.

मला बोलू दिलंत, त्याबद्दल अध्यक्षांचे आभार. लहान तोंडी मोठा घास घेतला, तो पोटात घाला. आणि आणखी एक माफी मागायची आहे. मघाशी पहिला घोट घेतल्यापासून तुम्ही सगळे आधी टेबलावरच्या बाटलीकडे आणि मग एकमेकांकडे बघताय.

आज तिच्यात पाणीच आहे. मीच भरलंय.